निर्गम 25 ते 40 : इतकी मापं कशासाठी?

पाखाडी (वास्को)

सगळ्यांना नमस्कार.

आमच्याकडे वास्कोला दर गुरुवारी संध्याकाळी घरगुती प्रार्थनासभा असते. सात-आठ कुटुंबं, बहुतेक बंदरात नाहीतर रेल्वेत नोकरीला आलेली, घरात मराठी बोलणारी. कुणी नगरकडचं, कुणी मिरजेचं. दर आठवड्याला एकाने अध्याय वाचायचा आणि त्यावर दहा-पंधरा मिनिटं बोलायचं, असा शिरस्ता आहे. यंदा बायबलमधलं निर्गम हे पुस्तक चाललंय. लाल समुद्राचा अध्याय होता तेव्हा प्रत्येकाला बोलायचं होतं. आता माझी पाळी आली आणि माझ्या वाट्याला 36 ते 39 हे अध्याय आलेत.

ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. इस्राएल लोक मिसरातून सुटून रानात, सीनाय पर्वतापाशी तंबू ठोकून आहेत. देव मोशेला म्हणतो, माझ्यासाठी पवित्रस्थान करा, म्हणजे मी तुमच्यामध्ये राहीन. मग 25 ते 31 या अध्यायांत नुसती मापं. कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. मेज दोन हात लांब, एक हात रुंद. पडदे किती, बिरडी किती, आकडे किती, फळ्या किती. आणि हे संपलं म्हणावं तर 36 पासून तेच सगळं पुन्हा. फक्त "कर"च्या जागी "त्याने केले".

माझ्या आजीकडे पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची जुनी प्रत होती. ती हे अध्याय स्तोत्रं वाचावीत त्याच सुरात, त्याच गतीने मोठ्याने वाचायची. एकही ओळ गाळायची नाही. मी विचारलं होतं, यात ऐकण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "देवाने दोनदा सांगितलंय, तर आपण एकदा तरी नीट ऐकावं." तेव्हा ते उत्तर पुरलं होतं. आता दहा माणसांसमोर उभं राहायचं तर पुरत नाही.

चौकशी केली तर मला दोन उत्तरं मिळाली. पहिलं, देव काटेकोर आहे, म्हणून आपणही काटेकोर असावं. हे एका वाक्यात संपतं, त्याला इतके अध्याय कशाला? दुसरं, प्रत्येक खुंटी, प्रत्येक रंग ही ख्रिस्ताची खूण आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात निवासमंडपाचा, म्हणजे याच पवित्रस्थानाच्या तंबूचा, असा अर्थ लावलेला आहे, तो मी मानतो. पण खुंटीखुंटीला अर्थ चिकटवत गेलो की माझं मलाच खोटं वाटायला लागतं.

म्हणून मनापासून विचारतो. या तपशिलांतून देव कसा आहे, त्याचा स्वभाव काय, हे खरंच कळतं का? कुणाला कळलं असेल तर कुठल्या ओळीत कळलं, तेवढं सांगा.

सुईदोरा (कुठ्ठाळी)

पाखाडीभाऊ, मी शिवणकाम करते. माहेर सांगलीकडचं, लग्न होऊन गोव्यात आले त्याला 26 वर्षं झाली. जूनमध्ये शाळेचे गणवेश, मग गणेश चवथीचे ब्लाउज, डिसेंबर-जानेवारीत लग्नाचे गाऊन, असं माझं वर्ष सरतं. देवशास्त्र मी शिकलेली नाही. पण तुम्हाला जे अध्याय जड जातात ते मला माझ्या मापाच्या वहीसारखे वाटतात. वहीत काय असतं? छाती 36, खांदा 14, बाही 9. परक्याला ते नुसते आकडे. मला त्यात एकेक बाई दिसते. हिचा उजवा खांदा उतरता आहे, हिला गळा वर लागतो कारण मंगळसूत्राखाली शस्त्रक्रियेची खूण आहे. आकडा ज्या माणसासाठी लिहिला ते माणूस माहीत असलं की आकडा कंटाळवाणा राहत नाही.

तुम्ही ओळ विचारलीत. माझी ओळ 28:32, म्हणजे 28 व्या अध्यायातली 32 वी. मुख्य याजकाचा निळा झगा. तो डोक्यातून घालायचा, मधोमध डोक्यापुरतं भोक. देव सांगतो की त्या भोकाच्या कडेने विणलेला गोट असू दे, चिलखताला असतो तसा, म्हणजे तो फाटणार नाही. मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मशीनवरून उठून उभी राहिले होते. डोक्यातून घालायचा कपडा पहिल्यांदा कुठे फाटतो हे शिवणाऱ्याला विचारा. गळ्याला, बरोबर मधोमध. घाईत माणूस डोकं घालतं, कापड ताणलं जातं, आणि गोट नसेल तर एक धागा सुटतो. ज्याने ही ओळ सांगितली त्याने माणसाला कपडा अंगात घालताना पाहिलेलं आहे. मुख्य याजक अहरोन रोज तो झगा घालणार, म्हातारा होणार, हात थरथरणार, कपडा ओढला जाणार. आकाश आणि पृथ्वी करणारा देव त्या गळ्याच्या कडेचा विचार करतो. त्याच अध्यायाची तिसरी ओळही बघा. ही वस्त्रं शिवणारे म्हणजे "ज्यांना मी ज्ञानाच्या आत्म्याने भरले आहे" असे लोक, असं देव म्हणतो. शिवणाऱ्यांबद्दल म्हणतो.

आता पडदे. हे जरा सावकाश वाचा, कारण मला जे सांगायचंय ते इथं आहे.

आतला पडदा तलम तागाचा, निळा, जांभळा, किरमिजी, त्यावर करूब, म्हणजे पंखांचे देवदूत, विणलेले. त्याची लांबी 28 हात. त्याच्यावर बकऱ्याच्या केसांचा जाडाभरडा पडदा, त्याची लांबी 30 हात. मंडप 10 हात उंच, रुंदीही साधारण 10 हात धरतात. म्हणजे एका बाजूने जमिनीपासून वर, माथ्यावरून आणि दुसऱ्या बाजूने खाली असे 30 हात लागणार. तागाचा पडदा दोन्हीकडे एकेक हात कमी पडतो, जमिनीला टेकत नाही. केसांचा पडदा जमिनीपर्यंत येतो. 26:13 मध्ये लिहिलंच आहे, इकडचा एक हात आणि तिकडचा एक हात जास्त राहील तो निवासमंडपाच्या बाजूंवर लोंबत राहून त्याला झाकील.

आम्ही शिवणारे याला माया म्हणतो. शिवणीच्या आत जे कापड राखून ठेवतात ती माया. कपडा घट्ट झाला, अंग भरलं, तर उसवून सैल करता यावा म्हणून. मराठीत त्या राखलेल्या कापडाला आणि आईच्या जिवाला एकच शब्द आहे, हे मला शिवण शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. देवाच्या मंडपाच्या मापात ती माया सोडलेली आहे, दोन्ही बाजूंना हात-हातभर. नाजूक ते आत, धुळीपासून वर. खरखरीत ते बाहेर, ऊन-वारा अंगावर घेणारं. इथल्या पावसात मी प्रत्येकीला सांगते, परकर जमिनीपासून दोन बोटं वर ठेव, शिंतोडे उडतात. देव तेच सांगतोय.

आणि तेच पुन्हा का सांगितलं, हा तुमचा खरा प्रश्न. 31 आणि 36 च्या मध्ये काय आहे ते बघा. 32 मध्ये वासरू आहे. मोशे डोंगरावर ही मापं घेत असतानाच खाली लोकांनी कानांतली सोन्याची कुंडलं काढून दिली आणि पूजेसाठी वासरू ओतून घेतलं. 33 मध्ये देव म्हणतो, मी तुमच्याबरोबर वर येणार नाही. मोशे गयावया करतो. 34 मध्ये मोशेने फोडलेल्या आज्ञांच्या पाट्यांच्या जागी नव्या पाट्या. मग 36 मध्ये मापं पुन्हा येतात. पडदा तेव्हा 28 हात, आताही 28 हात. केसांचा तेव्हा 30, आताही 30. बिरडी तेव्हा 50, आताही 50. एवढा विश्वासघात झाल्यावर एक बोट कमी केलेलं नाही. मला वाटतं म्हणूनच ते सगळं पुन्हा लिहावं लागलं. "मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे केले" एवढ्यावर भागवलं असतं, तर कुणालाही शंका आली असती की वासरानंतर देवाने काहीतरी आखडतं घेतलं असेल. मोजून बघा, असं पुस्तक म्हणतंय.

माझं एक सांगते. नात्यातल्याच एका बाईने मी गिऱ्हाइकांचं कापड चोरते असं वाडाभर सांगितलं होतं. एक चवथ माझी रिकामी गेली. तीन वर्षांनी ती मुलीच्या लग्नाचे सहा ब्लाउज घेऊन दारात उभी. दुसरीकडे कुणी वेळेत देत नव्हतं. मी मापं घेतली. खडू हातात घेऊन कापायला बसले तेव्हा मनात आलं, माया सोडायची नाही. वरून काहीही दिसलं नसतं. वर्षभरात मुलीचं अंग भरलं की सहाही ब्लाउज फुकट गेले असते आणि कुणाला कारण कळलं नसतं. त्याच आठवड्यात मी निर्गम वाचत होते. कापड टेबलावर पसरलेलं, आणि मला तो 28 आणि 30 चा आकडा सोडेना. मी नेहमीसारखा दोन्ही बाजूंना इंच-इंच ठेवला. रडू आलं, ते कापडावर पडू नये म्हणून बाजूला झाले. त्या बाईचं आणि माझं बोलणं अजून तुटकच आहे. पण देव कसा आहे हे मला त्या टेबलापाशी कळलं, आणि कळलं ते मापातूनच.

आणखी एक, 38:8. गंगाळ पितळेचं केलं ते मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांच्या आरशांचं. आरसा ही रानात मिळणारी गोष्ट नव्हे. त्यांनी दिला हे देवाने लिहून ठेवलं.

रंधा (डिचोली)

ताईंचं वाचून राहवलं नाही. मी हिंदू आहे, बायबल फारसं वाचलेलं नाही. आमचा पिढीजात धंदा सुतारीचा, पालख्या, मखरं, देव्हारे. एका गिऱ्हाइकाने भेट दिलेलं मराठी बायबल घरात आहे, ते काढून आत्ता अध्याय 26 वाचला.

बाभळीचं लाकूड मागितलंय, हे मला फार लागलं. आमच्याकडे देवाच्या कामाला फणस, सागवान, शिवण. बाभळ कठीण, चिवट, टिकाऊ, पण वाकडी. दहा हात म्हणजे पंधरा फूट झाले. तेवढी सरळ फळी बाभळीत मिळणं अवघड, जोड देऊनच केल्या असतील असं मला वाटतं. देवाने रानात जे झाड उगवतं तेच मागितलं. प्रत्येक फळीला दोन कुसे, म्हणजे बैठकीत बसणारी टोकं, आहेत. एकच असता तर फळी फिरली असती. आणि मधला अडसर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. सांगणाऱ्याला लाकूड कळतं.

35:34 मध्ये बसालेल आणि अहलियाब या कारागिरांना देवाने शिकवण्याची बुद्धीही दिली असं आहे. आमच्या धंद्यात कसब हातचं राखून ठेवायची वाईट सवय आहे. माझ्या आजोबांनी पालखीच्या दांड्याचा बाक कसा काढायचा ते कुणालाच सांगितलं नाही, त्यांच्याबरोबर गेलं. ही ओळ वाचून ते आठवलं.

पिग्मीवाले काका (फोंडा)

पाखाडी, 38 व्या अध्यायावर मी बोलतो. तुम्ही तो कदाचित सर्वात आधी गाळाल.

मी एका पतसंस्थेत 31 वर्षं हिशेब लिहिला. पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करणारी मुलं संध्याकाळी पिशवी आणून टेबलावर उपडी करत, आणि ती रक्कम मी खात्यावर चढवत असे. वीस रुपये, दहा रुपये, मासे विकणाऱ्या बायकांच्या ओल्या नोटा. आता पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर मोजा.

वीस वर्षांच्या वरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल चांदी द्यायची. अध्याय 30 मध्ये अट आहे, श्रीमंताने जास्त देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये. अर्धा शेकेल म्हणजे पाच-सहा ग्रॅमची चांदी. 38:26 सांगते, मोजलेले पुरुष 6,03,550. निम्मे केले की झाले 3,01,775 शेकेल. 38:25 सांगते, जमलेली चांदी 100 किक्कार आणि 1,775 शेकेल. किक्कार म्हणजे 3,000 शेकेल, तर 100 किक्कार म्हणजे 3,00,000. वर 1,775. शेकेलाचाही फरक नाही.

ही झाली जमा. आता खर्च. 100 किक्कारांच्या 100 उथळ्या, म्हणजे फळ्यांचे कुसे ज्यांत बसतात त्या चांदीच्या बैठका. एका उथळीला एक किक्कार. फळ्या 48, प्रत्येकीखाली दोन, झाल्या 96. अंतरपटाच्या, म्हणजे आतल्या परमपवित्र जागेपुढच्या पडद्याच्या, चार खांबांखाली चार. झाल्या 100. उरले 1,775 शेकेल, त्यांचं काय केलं? 38:28 मध्ये आहे. खांबांच्या आकड्या, खांबांच्या माथ्यांचा मढाव आणि बांधपट्ट्या. शिल्लक शून्य. हिशेब कुणी ठेवला हेही लिहिलंय. अहरोनाचा मुलगा इथामार, त्याच्या हाताखाली लेवी वंशातले सेवक.

पहिल्यांदा हा ताळा जुळला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. मी बायकोला उठवून दाखवलं.

पण मला त्याहून पुढचं सांगायचंय. एका उथळीत 3,000 शेकेल, म्हणजे 6,000 माणसांचे अर्धे शेकेल. एक फळी दोन उथळ्यांवर उभी, म्हणजे 12,000 माणसांवर. सोनं लोकांनी मनाला येईल तसं दिलं, ते वर दिसतं. ही चांदी सगळ्यांनी सारखी दिली, आणि देवाने बहुतेक सगळी पायाखाली घातली. कुणाचा शेकेल कुठला, हे ओतल्यावर कुणालाच सांगता येणार नाही. पण एकही कमी पडला असता तर ताळा चुकला असता.

आमच्याकडे एकदा एका मासळीवाल्या बाईच्या खात्यावर एका दिवसाचे वीस रुपये दिसेनात. ती सकाळी टोपली खाली ठेवून काउंटरशी उभी राहिली. वरच्या माणसाने मला सांगितलं, वीस रुपयांसाठी एवढं काय, आपल्या खिशातले दे आणि वाटेला लाव. मी तिला संध्याकाळी यायला सांगितलं आणि दिवसभराची कामं बाजूला ठेवून वह्या उघडल्या. शेजारच्या खात्यावर चढले होते. ती आली तेव्हा मी नोंद बोटाने दाखवली. तिला अक्षर येत नव्हतं, आकडा येत होता. तिने त्या आकड्यावर आपलं बोट ठेवलं आणि म्हणाली, "तर मी दिले होते ते खरंच होतं." तिला पैसे नको होते. आपण दिलं हे कुठेतरी मांडलेलं आहे एवढंच तिला हवं होतं.

38 वा अध्याय मी त्या बाईच्या बोटाने वाचतो. गाळू नका.

मळेवाट (मडगाव)

सगळ्यांचं वाचलं, आवडलंही. पण तपशिलात देवाचा स्वभाव बघायचाच, तर सगळेच तपशील बघा, निवडून नको.

मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर आहे. निर्गमानंतरच्या लेवीय या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायातही असाच बारीक तपशील आहे. अहरोनाच्या वंशातला जो कुणी आंधळा, लंगडा, हात किंवा पाय मोडलेला, कुबडा असेल त्याने वेदीजवळ येऊ नये, अंतरपटाजवळ जाऊ नये. अगदी डोळ्यातल्या दोषापर्यंत यादी आहे. सुईदोराताई, देवाने गळ्याचा गोट पाहिला असं तुम्ही म्हणता. मग माझा पायही त्याने पाहिला, आणि तो यादीत घातला. मी सोळा वर्षांचा असताना हा अध्याय वाचला आणि पुढची कित्येक वर्षं पवित्र शास्त्र उघडलं नाही. यावर कुणी घाईने गोड उत्तर देऊ नये, एवढी विनंती.

सुईदोरा (कुठ्ठाळी)

मळेवाटदादा, गोड उत्तर माझ्याकडे नाही. तुमचं वाचून कालचा दिवस मशीनवर बसले खरी, पण मन लागलं नाही.

मी तो अध्याय पुन्हा वाचला. यादी संपल्यावर 22 वी ओळ आहे. असा माणूस आपल्या देवाचं अन्न खाऊ शकतो, पवित्र आणि परमपवित्र दोन्ही. म्हणजे त्याचं याजकाच्या घरातलं स्थान, त्याचा वाटा, त्याचं पान काढून घेतलेलं नाही. हे लिहिलं नसतं तर लोकांनी ते नक्की काढून घेतलं असतं, माणसांची रीत आपल्याला माहीत आहे. पण वेदीपर्यंत का नाही, हे मला सांगता येत नाही. मत्तय 21:14 मध्ये येशू मंदिरात असताना आंधळे आणि लंगडे त्याच्याकडे आले आणि त्याने त्यांना बरं केलं, ते मात्र मला आठवलं. मंदिरातच आले, बाहेर थांबले नाहीत.

गळ्याच्या गोटाचं मी लिहिलं त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण त्या देवाच्या पुस्तकात तुम्हाला दुखावणारी ओळही आहे, आणि ती मी कधी थांबून वाचली नव्हती. आता वाचली.

मळेवाट (मडगाव)

ताई, मत्तय 21 पेक्षा मला 2 शमुवेल 9 जवळचं. मत्तयात ते बरे होतात. मी बरा झालो नाही, होणारही नाही. मफीबोशेथही बरा झाला नाही. पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून दोन्ही पायांनी लंगडा झाला, आणि दावीद राजाने त्याला आपल्या ताटाशी बसवलं. त्या अध्यायाचं शेवटचं वाक्य बघा. तो नेहमी राजाच्या मेजावर जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. कथा सांगून झालेली असते, तरी लिहिणारा हा तपशील शेवटी पुन्हा लिहितो. मेजाखाली पाय झाकले जातात, पण लिहिणाऱ्याने झाकले नाहीत. मी परत शास्त्र उघडलं ते त्या वाक्यासाठी.

लेवीय 21:22 मध्येही जेवणच आहे हे तुम्ही दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी 20 व्या ओळीवर पुस्तक मिटत होतो. वेदीचा प्रश्न माझ्यासाठी तसाच आहे.

पाखाडी (वास्को)

तुम्हा सगळ्यांचं चार-चारदा वाचलं. काकांचा हिशेब आईने वहीवर स्वतः मांडून बघितला, जुळला. रंधादादा, आमच्या सभेत एक जण बंदरात सुतारकाम करतात, त्यांना तुमचं दोन कुशांचं वाचून दाखवलं तर ते नुसतेच मान डोलावत राहिले.

मी ठरवलंय, चारही अध्याय मोठ्याने वाचायचे, आजी वाचायची तसे, आणि मध्ये फक्त दोन ठिकाणी थांबायचं. 36 व्या अध्यायाच्या आधी 32 ची आठवण करून द्यायची, आणि 38 मध्ये काकांची बेरीज. मळेवाटदादा, तुम्ही परवानगी दिलीत तर लेवीय 21 चा प्रश्नही नाव न घेता मांडीन, उत्तराशिवाय. आमच्यातल्या एका काकूंचा मुलगा चाकाच्या खुर्चीवर असतो. त्या प्रत्येक गुरुवारी त्याला घेऊन येतात आणि दाराजवळच बसतात. दाराजवळच का, हे मी आजवर कधी विचारलं नाही.

सुईदोराताई, एक अडचण. 28 हात, 30 हात म्हटलं तर लोकांच्या डोळ्यांसमोर येईल असं वाटत नाही.

मळेवाट (मडगाव)

मांडा. आणि काकूंना पुढे बसवा. आधी विचारून.

सुईदोरा (कुठ्ठाळी)

पाखाडीभाऊ, हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, दीड फूट धरा. मंडप 45 फूट लांब, 15 फूट रुंद. बोलून दाखवू नका, आखून दाखवा. माझ्याकडे गणवेशांच्या मापाची लांब टेप आहे आणि खडूचे तुकडे भरपूर. गुरुवारी चारच्या बसने वास्कोला येते. तुमच्या इमारतीखाली 45 फूट मोकळी, पावसापासून आडोशाची जागा आहे का?

पाखाडी (वास्को)

पार्किंग आहे. पाच स्कूटर हलवाव्या लागतील, हलवतो. या.